शेजाऱ्याचा देव : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ खडकावर कोरलेला एक कानडी लेख आहे. साल 1669. मल्लापूरच्या रहिवाशांनी मागणी केली, म्हणून एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव तिथल्या मल्लिकार्जुनाच्या देवस्थानाला लावून दिले, असा त्याचा आशय. देणारा घरात मराठी बोलणारा, चाकरी विजापूरच्या आदिलशाहीची, दान घेणारी वस्ती कानडी. आणि देणाऱ्याच्या वडिलांचे, म्हणजे शहाजीराजांचे, नाव, बखरींच्या सांगण्याप्रमाणे, अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेची आठवण म्हणून ठेवलेले. मालोजी भोसल्यांना नवसाने दोन मुलगे झाले, थोरला शहाजी आणि धाकटा शरीफजी.

अशा माणसांनी एकमेकांच्या देवाधर्माविषयी नेमका काय विचार केला, हा या अभ्यासक्षेत्राचा प्रश्न आहे. ती एकत्र राहत होती, हे ठाऊक आहे. अधूनमधून लढतही होती, तेही ठाऊक आहे. पण राहणे आणि लढणे यांच्या पलीकडे विचार नावाची गोष्ट असते. शेजारी ज्याला देव म्हणतो त्याला मी काय म्हणायचे? त्याचे आणि माझे दोन्ही खरे कसे असेल? त्याचे खोटे असेल तर तो माझ्याहून भला माणूस कसा? सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये हे प्रश्न कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या रूपात विचारले, याचा शोध घेणारे काम गेल्या शंभरेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी झाले आहे. ते मराठीत आहे, इंग्रजीत आहे, थोडे युरोपातल्या विद्यापीठांतही आहे. या कामाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला उंबऱ्यावरून आत घ्यावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. माझ्या डोळ्यांपुढे विशेषेकरून तो मराठी वाचक आहे, जो नोकरीधंद्यासाठी बेंगळुरूत आला, इथलाच झाला आणि ज्याला हे शहर एके काळी भोसल्यांचे ठाणे होते हे पुसटसे ऐकून माहीत आहे. त्याने या क्षेत्रात यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. का, ते पुढे येईलच.

परधर्माविषयीचा तत्त्वचिंतकांचा विचार म्हटले की अभ्यासक्रमांतून सहसा युरोपची यादी पुढे येते. माँतेन्यने 1580 साली ब्राझीलच्या नरभक्षकांवर निबंध लिहून आपल्याच देशबांधवांच्या क्रौर्याकडे बोट दाखवले. लायब्निझने 1697 साली चीनविषयीच्या ताज्या वृत्तांतांचा संग्रह काढला आणि नीतीच्या व्यवहारात चिनी लोक युरोपला शिकवू शकतील असे मत मांडले. हे दोघेही मोठे आणि वाचावेत असे. पण ब्राझील काय किंवा चीन काय, दोघांनीही पाहिलेले नव्हते. त्यांचा परका माणूस समुद्रापलीकडचा होता, प्रवाशांच्या आणि पाद्र्यांच्या लेखणीतून त्यांच्यापर्यंत आलेला. दख्खनमधला परका माणूस भिंतीपलीकडे राहत होता. त्याच्या घरी काय शिजते, कोणत्या दिवशी उपास असतो, मयत कसे उचलतात, हे वाचून कळण्याची गरजच नव्हती. या एका फरकामुळे विचाराची जातच बदलते. दूरच्या माणसाचा आदर्श करता येतो, शेजाऱ्याचा करता येत नाही.

म्हणून मला तुलनेसाठी झाँ बोदँ जास्त जवळचा वाटतो. हा फ्रेंच विचारवंत 1530 साली जन्मला आणि 1596 साली वारला. आपले एकनाथ 1533 ते 1599. म्हणजे अगदी समवयस्क. बोदँच्या नावावर एक लॅटिन ग्रंथ आहे. व्हेनिसमधल्या एका घरी सात जण जमतात. त्यांत कॅथलिक, लूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी, ज्यू, इस्लाम स्वीकारलेला एक जण, निसर्गधर्म मानणारा आणि कोणत्याच एका धर्माला पूर्ण होकार न देणारा असे सातही तऱ्हेचे लोक आहेत. ते दिवसेंदिवस वाद करतात. शेवटी कोणीच कोणाला पटवू शकत नाही. यापुढे धर्मावर वाद घालायचा नाही, असे ठरवून ते गुण्यागोविंदाने एकत्र राहतात. धर्मयुद्धांनी रक्तबंबाळ झालेल्या फ्रान्समधल्या माणसाने हे लिहिले, याला फार मोल आहे. पण हा ग्रंथ छापण्याची सोय नव्हती. तो हस्तलिखितांच्या नकलांमधून गुपचूप फिरत राहिला आणि पूर्ण स्वरूपात छापला गेला तो थेट एकोणिसाव्या शतकात.

त्याच काळात पैठणला एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. सहासष्ट ओव्यांचे छोटेसे प्रकरण. ते लपवण्याचा प्रश्नच आला नाही. ते भारुडांच्या घराण्यातले आहे, चारचौघांत म्हणायचे, वेळप्रसंगी सोंग घेऊन दाखवायचे.

या संवादाजवळ थोडे थांबू, कारण या क्षेत्राचा दरवाजा तोच आहे. दोघांच्या बोलण्याची सुरुवात समजुतीच्या गोष्टीने होत नाही. तुर्क हिंदूला हाक मारतो आणि भांडण जुंपते. तुमच्या देवाला हातपाय आहेत म्हणता, हे कसे? तुमचा देव बळीच्या दारी भीक मागतो, ब्रह्मदेव स्वतःच्या मुलीच्या मागे लागतो, तुम्ही दगडापुढे लोटांगण घालता. हिंदू गप्प बसत नाही. देव सगळीकडे आहे असे तुमचेच शास्त्र म्हणते, मग नमाजाला पश्चिमच का? बकऱ्याला मारल्याने तो स्वर्गाला जात असेल, तर इतर खटाटोप कशाला? आणि सगळ्यांत धारदार प्रश्न धर्मांतराचा. देवाने एखाद्याला हिंदू केले ते चुकून केले काय, आणि ती चूक दुरुस्त करण्याएवढे तुम्ही देवाहून शहाणे आहात काय? तुर्कही सोवळ्याओवळ्यावर, पंक्तीतल्या भेदावर नेमके बोट ठेवतो. भाषा मराठी आणि दख्खनी यांची सरमिसळ, तोंडी शिव्या आहेत, चिडणे आहे. दोघांनाही एकमेकांच्या घरातले बारकावे माहीत आहेत, म्हणून वार वर्मी बसतात.

आणि मग अखेरीला दोघे एकमेकांना आलिंगन देतात.

आजवर या शेवटावरच बहुतेकांची नजर गेली आहे. एलिनॉर झेलियट यांनी या संवादाचे इंग्रजी भाषांतर करून त्यावर लिहिले, तेव्हापासून जगभर तो हिंदू-मुस्लिम भेटीचा दाखला म्हणून वाचला जातो. ते योग्यच आहे. पण नवख्या वाचकाने दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. पहिली अशी की, आलिंगन हा वादाला घातलेला विराम नाही. वाद इतका पुढे जातो की दोघांचीही बाह्याचाराची शिदोरी संपते. एकमेकांचे सगळे उणे काढून झाल्यावरच ते भेटतात. बोदँचे सात जण वाद सोडून देतात तेव्हा शांत होतात, एकनाथांचे दोघे वाद पुरता करून शांत होतात. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. ज्या एकत्वाच्या भूमीवर समेट होतो, ती भूमी वेदान्ताची आहे. तुर्क आपल्या शास्त्रातून निघून तिथे पोहोचत नाही, एकनाथ त्याला तिथे आणतात. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे ठरलेले आहे. यामुळे संवादाचे मोल कमी होत नाही, पण हे दिसल्याशिवाय तो नीट वाचलाही जात नाही.

इथेच एक प्रश्न सहज उभा राहतो. एकनाथांच्या काळी काशीत मोठमोठे पंडित होते, त्यांनी इस्लामविषयी काय लिहिले? उत्तर थक्क करणारे आहे. शास्त्रग्रंथांत जवळपास काहीच नाही. मधुसूदन सरस्वतींनी 'प्रस्थानभेद'मध्ये सगळ्या विद्यांची आणि दर्शनांची मांडणी केली. नास्तिकांची प्रस्थाने का मोजली नाहीत, याचे कारण देताना ती म्लेंच्छांच्या मतांप्रमाणे वेदबाह्य आहेत, एवढा एक ओझरता उल्लेख तेवढा येतो. राज्य कोणाचे, दरबार कोणाचा, बाजारात भाषा कोणती, हे सगळे डोळ्यांसमोर असताना शास्त्राने त्याकडे पाहिलेही नाही. काशीच्या या पंडितवर्गात दक्षिणी घराण्यांचा मोठा भरणा होता आणि त्यांतले भट्टांचे नामांकित घराणे मूळचे पैठणचेच. एकनाथांनी आपले एकनाथी भागवत 1573 साली पुरे केले तेही काशीतच. पैठण या एकाच गावातून एक वाट शास्त्राकडे गेली आणि एक भारुडाकडे, आणि शेजाऱ्याच्या देवाचा प्रश्न भारुडाच्या वाटेवर भेटला. तत्त्वज्ञान म्हणजे सूत्र, भाष्य, टीका असे धरून बसलो तर या काळात परधर्माचा विचारच झाला नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. या क्षेत्रातली पहिली शिकवण मी हीच मानतो की विचार कोणत्या वाङ्मयप्रकारात राहायला गेला आहे, ते आधी शोधावे लागते.

आता त्या माणसाकडे वळतो ज्याच्यासाठी हे क्षेत्र मला सगळ्यांत प्रिय आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद.

मराठी वारकरी परंपरेत त्यांना कबीराच्या तोडीचे मानतात. रामदासांनी त्यांच्याविषयी आदराने लिहिले आणि महिपतींनी त्यांचे चरित्र गायले. देहूला तुकोबांच्या कीर्तनात मंडपाला लागलेली आग शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून विझवली, ही महिपतींची कथा अनेकांनी ऐकलेली असेल. पण त्यांचा 'योगसंग्राम' हातात घेतलेले वाचक मला क्वचितच भेटतात. 1645 साली पुरा झालेला हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ आहे. माणसाच्या देहातच रणांगण मांडलेले आहे आणि आत्मा काम, क्रोध, अहंकार यांच्याशी झुंजतो आहे. षट्चक्रे, नाद, प्राण ही सगळी योगाची सामग्री तिथे आहे. मध्येच सूफींचा विचार त्यात सहज मिसळतो. लिहिणारा स्वतःला अविंध म्हणवतो, म्हणजे मुसलमान. त्याच वेळी आपल्या हृदयात गोविंद आहे असेही सांगतो. दोन्ही एका दमात, कुठे अडखळत नाही.

आणि हा माणूस गोड बोलणारा नाही. क्षुद्र देवतांपुढे बोकड-कोंबडी मारणाऱ्यांवर तो तुटून पडतो, अंगात आणणाऱ्यांना सोडत नाही, पोटासाठी वेष घेतलेल्या गोसाव्यांना झोडतो. तशीच गत मुल्लांची आणि फकिरांची. बाहेरून आलेला कोणी हिंदूंच्या मूर्तिपूजेवर टीका करतो किंवा बाहेरचा कोणी मुसलमानांच्या कुर्बानीवर, तसे हे नाही. दोन्ही घरे आपली असलेल्या माणसाने दोन्ही घरांत केलेली ही झाडलोट आहे. त्यामुळे 'परधर्माविषयीचा विचार' ही आपली चौकटच त्यांच्यापुढे लटकी पडते. शेख महंमदांना परधर्म कोणता? ज्या प्रश्नावर आपण क्षेत्र उभारले, तो प्रश्नच जो मोडीत काढतो असा विचारवंत क्षेत्राच्या मध्यभागी असावा, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे.

त्यांच्या आणि एकनाथांच्या मागे एकच नाव येते, चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानाच्या चाकरीत होते. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, आणि शेख महंमदांचेही तेच. चांद बोधले हे कादरी परंपरेतले सूफी असावेत, असे मत वा. सी. बेंद्रे आणि रा. चिं. ढेरे यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यावर मतभेद आहेत आणि ते असावेत. ढेऱ्यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक 1967 साली आले आणि एक अख्खे दालन उघडले. बेंद्र्यांनी शेख महंमदांचे ग्रंथ संपादून छापले. अलीकडे दुशान डिआक या स्लोव्हाक अभ्यासकाने श्रीगोंद्याच्या परंपरेवर चिकाटीने काम केले आहे. मराठीतल्या आपल्या माणसांनी मात्र ढेऱ्यांनंतर हे दालन पुरेसे वापरले नाही, याची मला खंत आहे.

परंपरा असेही सांगते की शेख महंमदांना श्रीगोंद्यात मठासाठी जागा दिली ती मालोजी भोसल्यांनी. मालोजींनी त्यांना गुरुस्थानी मानले. म्हणजे शहाजीराजे ज्या घरात वाढले, त्या घराच्या एका कोनाड्यात पीर शाह शरीफ आहेत, दुसऱ्या कोनाड्यात शेख महंमद आहेत आणि घरचा कुलस्वामी शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव. हेच शहाजीराजे 1638 साली आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बेंगळुरूला आले. तिथला सत्ताधारी केंपेगौडा हार मानून मागडीला गेला आणि बेंगळुरू शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. पुढे पाव शतकभर ते या मुलखातले मोठे सत्ताधारी होते. 1664च्या जानेवारीत होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून ते वारले, तिथे त्यांची समाधी आहे. मागे बेंगळुरू एकोजींकडे आले. पुढे एकोजी तंजावरला गेले आणि 1687च्या सुमारास हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले.

शहाजीराजांचा दरबार कसा होता, हे जयराम पिंड्ये या कवीमुळे कळते. तो मूळचा नाशिककडचा. राजांची कीर्ती ऐकून तो दक्षिणेत आला आणि त्याने 'राधामाधवविलासचंपू' रचला. संस्कृत चंपू संपल्यावर पुढे एक विलक्षण प्रकरण येते. दरबारातल्या मंडळींनी समस्या घालायच्या आणि कवींनी त्या पुऱ्या करायच्या, त्याही नाना भाषांत. पहिल्या भेटीत जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा का, असे विचारल्यावर आपण बारा भाषांत कविता करतो असे त्याने सांगितले. संस्कृत आणि प्राकृत तर आहेतच, गुर्जर आहे, कर्नाटक म्हणजे कानडी आहे, पंजाबी आहे. आणि यावनी एक नव्हे, दोन आहेत. एक नुसती यावनी आणि दुसरी दाक्षिणात्य यावनी. म्हणजे फारसी वेगळी आणि आपल्याकडची दख्खनी वेगळी.

दूरच्या माणसाला सगळे यवन सारखेच दिसतात. जयरामाला ते तसे दिसत नव्हते, कारण दाक्षिणात्य यावनी बोलणारे लोक त्याच्या शेजारी बसून त्याच्या कवितेला दाद देत होते. मधुसूदन सरस्वतींच्या एका वाक्यात जे सगळे एकत्र बांधून बाहेर ठेवले गेले, ते इथे बेंगळुरूच्या दरबारात सुटे होऊन, ओळखीच्या नावानिशी आत आले. हा धर्माचा सिद्धान्त नव्हे, मान्य आहे. जयराम तत्त्ववेत्ता नव्हता आणि राजस्तुती हा त्याचा धंदा होता. त्याच्या काव्यात यवनांच्या पराभवाची वर्णनेही आहेत. तरीही कोणत्या भाषेला पंक्तीत पान मांडायचे, हा निर्णय विचाराविना होत नाही. विजापूरला इब्राहीम आदिलशाह दुसरा आपल्या 'किताब-ए-नौरस'मध्ये सरस्वतीला आणि गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाझांना एकाच पुस्तकात वंदन करून गेला होता. शहाजीराजांचे बेंगळुरू त्याच हवेतले.

या चंपूची प्रत 1922 साली वि. का. राजवाड्यांनी छापली, दीर्घ प्रस्तावनेसह. राजवाड्यांची प्रस्तावना म्हणजे काय चीज असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. शहाजीराजांच्या कर्तृत्वाची बाजू त्यांनी ज्या तडफेने मांडली, त्यामुळे एक दुर्लक्षित पुरुष इतिहासाच्या उजेडात आला. पण राजवाड्यांची नजर राज्यस्थापनेवर होती. बारा नारळांकडे पाहताना त्यांना जे दिसले, त्याहून वेगळे आपल्याला पाहावे लागेल, आणि त्यासाठी आधी मूळ चंपू वाचावा, मग प्रस्तावना.

आता गोव्याकडे जायला हवे, कारण तिथे चित्र पालटते आणि आतापर्यंतच्या सुखद गोष्टींनी आपण सैलावलो असू तर सावध होतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला. चाळीस वर्षे त्याने साष्टीत काढली. त्याचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि मराठी अशी की ज्ञानेश्वर-एकनाथांच्या कुळातली वाटावी. मराठी भाषेवर इतक्या प्रेमाने लिहिलेले फार थोडे आहे. पण या पुराणातच एक प्रसंग येतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विनवतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग तशीच दुसरी आम्हाला का देत नाही? या विनवणीत सगळी परिस्थिती आली. गोव्यात 1560पासून इन्क्विझिशन होते. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. 1583 साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर सूड म्हणून गावच्या पुढाऱ्यांना संपवले गेले. अशा मुलखात एक माणूस दुसऱ्याच्या छंदात, दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्याच पुराणाच्या घाटात आपला देव सांगतो. प्रेम खरे आहे, विद्वत्ता खरी आहे, आणि उत्तर देण्याची मुभा समोरच्याला नाही, हेही खरे आहे. एकनाथांच्या तुर्काला निदान उलट बोलता येत होते.

म्हणून या क्षेत्रात काहीही वाचताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा. समोरचा बोलू शकत होता का? शेजाऱ्याविषयी किती चांगले लिहिले आहे यापेक्षा हा प्रश्न मला अधिक विश्वासाचा वाटतो. ख्रिस्तपुराणाची 1907ची महत्त्वाची आवृत्ती जोसेफ साल्ढाना यांनी मंगळूरला काढली, म्हणजे हेही धन कर्नाटकाच्याच वाटेने आपल्यापर्यंत आले.

काव्य आणि पुराण बाजूला ठेवून साधी कागदपत्रे काढली तरी विचार सापडतो. दख्खनी सनदांत आणि मराठी कागदांत शेवटी शपथ असते. हे दान जो मोडील तो हिंदू असेल तर त्याला गाईची आण, मुसलमान असेल तर सुवराची, अशा धर्तीची. कारकुनाने मामुली म्हणून लिहिलेली ही ओळ मी कितीदा तरी वाचली आहे आणि प्रत्येक वेळी तिचे नवल वाटते. लिहिणाऱ्याला पक्के माहीत आहे की माणूस बांधला जातो तो त्याच्या स्वतःच्या पवित्र-अपवित्राने, माझ्या नव्हे. दोन वेगळ्या निष्ठांना एकाच कागदात सारखा भरवसा दिलेला आहे. कोणताही सिद्धान्त न मांडता एका व्यवहारात मुरलेला हा विचार आहे. युरोपात लॉकने 1689च्या सुमारास सहिष्णुतेवर लिहिले, पण त्यातून नास्तिकांना वगळले ते ज्या कारणासाठी, त्यात हीच गोष्ट होती. देव न मानणाऱ्याच्या शपथेवर भरवसा कसा ठेवायचा? शपथेचा प्रश्न दोन्हीकडे होता, उत्तरे निराळी निघाली.

या अभ्यासात दोन मोह फार जोराचे आहेत. एकाला सगळीकडे मेळ दिसतो, दुसऱ्याला सगळीकडे वैर. दोघेही आजच्या भांडणासाठी जुन्या माणसांना साक्षीदार म्हणून उभे करतात, आणि एकदा साक्ष मिळाली की त्यांना घरी पाठवून देतात. शेख महंमदांचे फार हाल झाले आहेत ते यामुळे. त्यांचे नाव ऐक्याच्या भाषणात येते आणि योगसंग्रामाचे पान उघडले जात नाही. वैराच्या बाजूने बोलणाऱ्यांना तर ते दिसतच नाहीत. मला विचाराल तर यांतला पहिला मोह जास्त फसवा आहे, कारण तो चांगुलपणाच्या वेषात येतो. एकनाथांच्या संवादातल्या शिव्या गाळून फक्त आलिंगन दाखवले की त्यातला विचारच निघून जातो. त्या दोघांनी एकमेकांना ज्या कठोरपणे तपासले, त्या तपासणीतच त्यांचा आदर होता.

आणि बेंगळुरूच का? या क्षेत्राला मराठी एकटी पुरत नाही. मराठीबरोबर कानडी, दख्खनी, फारसी, संस्कृत, कधी पोर्तुगीज लागते. एका माणसाला हे सगळे येणे अवघड, पण एका शहरात या सगळ्या भाषांची माणसे चहाच्या टपरीवर भेटू शकतात असे शहर हेच. इथल्या मिथिक सोसायटीने, जी 1909 सालची संस्था आहे, बेंगळुरू परिसरातल्या शिलालेखांच्या त्रिमिती नोंदी करण्याचे मोठे काम अलीकडे हाती घेतले आहे. जिल्ह्यातले लेख 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या नवव्या खंडात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच छापले गेले. युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये मिशनऱ्यांच्या कागदांचा मोठा साठा आहे. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय, जिथे एकोजींच्या वंशजांनी जमवलेली मराठी हस्तलिखिते आहेत, इथून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर. शिवाय जे पुस्तकांत वाचायचे ते इथे वर्षातून एकदा रस्त्यावर दिसते. चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मरायस्वामींच्या देवळातून निघालेला करग, म्हणजे डोक्यावर वाहून नेलेला देवीचा कलश, कॉटनपेटेतल्या हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात जातो आणि मग पुढे सरकतो. मोगऱ्याच्या हारांनी झाकलेला तो करग दर्ग्याच्या दारात शिरतो तेव्हा आजूबाजूच्या गर्दीत कोणीही याचे कारण विचारत नाही. विचारणे हे अभ्यासकाचे काम आहे. कधीपासून, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कथेच्या आधाराने, आणि करग वाहणारे तिगळ लोक त्याचा काय अर्थ लावतात?

कामे पुष्कळ पडली आहेत. जयरामाच्या दाक्षिणात्य यावनी आणि कर्नाटक भाषेतल्या रचना त्या त्या भाषांच्या जाणकारांनी एकत्र बसून वाचायला हव्यात. शेख महंमदांच्या योगविचाराची तुलना विजापूरच्या सूफींच्या दख्खनी रचनांशी व्हायला हवी, कारण काळ तोच आहे आणि देहातल्या साधनेची चर्चा दोन्हीकडे आहे. एकनाथांचा संवाद आणि ख्रिस्तपुराणातले प्रश्नोत्तरांचे प्रसंग शेजारी ठेवून कोण किती बोलतो, याची साधी मोजदाद केली तरी बरेच हाती लागेल. यांतले कोणतेही काम करायला पदवी लागत नाही. भाषा लागते, सवड लागते आणि मूळ पानाशी थांबण्याचा धीर लागतो.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर हिंदू-तुर्क संवादापासून करावी, तीही मोठ्याने म्हणून, शक्य असल्यास दोघांनी दोन बाजू घेऊन. नुसत्या डोळ्यांनी वाचल्यास त्यातला राग ऐकू येत नाही. एकदा म्हणून झाला की बाजू बदलून पुन्हा म्हणावा. त्यानंतर योगसंग्राम, पण सलग नव्हे. आधी ज्या प्रसंगांत लोकाचारावर टीका आहे ते वाचावेत आणि योगाचे अवघड प्रसंग मागाहून, कोणा जाणत्याला सोबत घेऊन. मग जयरामाचा चंपू, आणि त्यातही आधी शेवटचे बहुभाषी प्रकरण. ख्रिस्तपुराणातला ब्राह्मणाच्या विनवणीचा प्रसंग याच्या मागोमाग वाचावा. राजवाडे, बेंद्रे, ढेरे यांच्या प्रस्तावना सगळ्यांत शेवटी. ही प्रस्तावना हातावेगळी झाली आहे, तेव्हा पहिल्या ओवीला आज संध्याकाळीच हात घालायला हरकत नाही.